मैनाबाईचं नाक आणि क्रायसोपाचं कुळ

परवा एका शेतीच्या मासिकात वाचलं, 'क्रायसोपा हा शेतकऱ्याचा मित्र आहे.' सोबत रंगीत चित्र होतं. पोपटी अंग, सोनेरी डोळे, जाळीदार पंख. चित्र झकास होतं, पण वाक्य अर्धवट होतं. क्रायसोपा म्हणून जे ओळखतात ते एक मोठं कुळ आहे. त्या कुळातल्या एकानं आमच्या चांदा जिल्ह्यात एका बाईच्या तोंडचा घास पळवला आणि चोरीचा आळ आला बाईवर. तो आळ येण्यात माझ्या हातच्या एका चिठ्ठीचा मोठा वाटा होता. मी मासिकाला तसं पत्र पाठवलं. त्यांनी छापलं नाही. तेवढ्यात या अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतलं काहीतरी लिहा' म्हटलं. आता घ्या.

माझी नोकरी शेतीखात्याच्या संग्रहासाठी किडे पकडण्याची. सासऱ्यांना कोणी विचारलं, जावई काय करतात, तर ते 'सरकारी नोकरीत आहेत' म्हणून पटकन विषय बदलायचे. एक लांब दांड्याची जाळी, खांद्याला झोळी आणि झोळीत एक रुंद तोंडाची बाटली, एवढा माझा संसार. बाटलीच्या तळाशी विष आणि त्यावर प्लास्टर. किडा आत टाकला की क्षणात शांत व्हायचा. मग त्याच्या छातीतून, मधोमध नाही, जरा उजवीकडे, टाचणी घालायची, लाकडी फळीवर पंख पसरून वाळवायचे आणि टाचणीखाली नखाएवढं लेबल लावायचं. गाव, तारीख, कोणत्या झाडावर सापडला आणि कोणी पकडला. लेबल नसलेला किडा म्हणजे केर. हे मी नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सांगायचो आणि आजही सांगीन.

गिऱ्हाईकं नाना तऱ्हेची भेटायची. नागभीडला स्टेशनजवळ राहणाऱ्या एका रेल्वेतल्या गृहस्थांनी मुद्दाम माणूस पाठवून मला बोलावलं. त्यांच्या देव्हाऱ्याच्या चौकटीवर रातोरात पांढरे केस उगवले होते आणि प्रत्येक केसाच्या टोकाला मोत्यासारखा एक दाणा. त्यावर हळदकुंकू पडलं होतं, शेजारणी नारळ घेऊन यायला लागल्या होत्या. मी बघितलं आणि सांगितलं, "ही अंडी आहेत. क्रायसोपाची. मुंग्यांनी खाऊ नयेत म्हणून आई आधी धाग्याचा दांडा करते आणि मग त्याच्या टोकावर अंडं ठेवते." गृहस्थ म्हणाले, "साहेब, तुमाले बोलावलं थे चमत्काराचा दाखला द्याले. अंडे म्हनाले नाई." तीन दिवसांनी मोत्यांतून पिल्लं निघाली आणि एक पिल्लू नारळावर चढलं. पुन्हा त्या घरून मला बोलावणं आलं नाही.

आता हे कुळ कसं ओळखायचं ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. पंखांच्या शिरा बारीक जाळीसारख्या, बसल्यावर पंख घराच्या छपरासारखे उतरते, डोळे जिवंतपणी सोन्यासारखे चमकणारे, अंडी दांड्यावर. पिल्लाच्या तोंडाला विळ्यासारखे दोन जबडे, आतून पोकळ. भक्ष्याला, म्हणजे बहुतेकदा मावा या पिकाचा रस पिणाऱ्या बारक्या किड्यांना, टोचायचं आणि रस ओढून घ्यायचा. काही पिल्लं खाल्लेल्यांची सालपटं पाठीवर लादून फिरतात, म्हणजे कोणाला दिसू नये. इथवर सगळं सोपं आहे. कुळात कोण कोणता, हे ओळखणं कठीण. चेहऱ्यावरचे ठिपके बघायचे, शिरा मोजायच्या. आणि गंमत अशी की टाचणीवर वाळलं की यांचा पोपटी रंग उडतो. महिनाभरात सगळे गव्हाच्या काडाच्या रंगाचे. हरभऱ्याच्या झाडावरचे टपोरे असोत की वनातले, पेटीत सगळे एका आईची लेकरं दिसतात.

गडचिरोली तेव्हा चांद्यातलीच तहसील. धानोऱ्याच्या पुढे एक वनगाव होतं. तिथल्या घरांना वनखात्यानं लाखेसाठी पळसाची झाडं वाटून दिली होती. लाख म्हणजेही किड्यांचीच करणी. लाल, धुळीएवढी पिल्लं कोवळ्या फांदीला चिकटतात, रस पितात आणि अंगाभोवती राळेचं कवच करतात. हजारो कवचं एकमेकांना चिकटली की फांदीवर लाखेचा जाड थर होतो. त्यातल्या चांगल्या काड्या बियाणं म्हणून राखायच्या आणि पुढच्या हंगामात नव्या फांद्यांना सालीच्या दोरीनं बांधायच्या. अट एकच होती, घेतलं तेवढं बियाणं परत द्यायचं. दिलं नाही तर झाडं दुसऱ्याच्या नावावर.

मैनाबाई मडावीच्या नावावर चौदा पळस होते. नवरा वारलेला, शेत नावापुरतं. त्या चौदा झाडांवर तिचं वर्ष निघायचं. त्या वर्षी तिच्या झाडांवर लाखेचा थर कांद्याच्या सालीएवढा पातळ निघाला, बियाणं परत करायला काही उरलंच नाही. ती म्हणाली, किड्यानं खाल्लं. वनखात्याचे रेंजर म्हणाले, कापून बाजारात विकलं. आणि आपलं म्हणणं खरं करायला त्यांनी फाइलीतून माझी चिठ्ठी काढली.

त्या चिठ्ठीची हकिकत अशी. आदल्या वर्षी मी त्या गावावरून गेलो होतो. पळसांवर पोपटी क्रायसोपा उडताना दिसले, आठ-दहा पकडले, बाटलीत टाकले आणि टाचण्या लावल्या. चांद्याला पोचून महिन्याभरानं पेटी उघडली तेव्हा सगळे पिवळे पडलेले. शेजारच्या खणात वालाच्या वेलीवरचे होते, तेही पिवळे. भिंग लावलं, पण घाईत. चेहरे सुकून आक्रसले होते, ठिपके नीट दिसत नव्हते. मी वनखात्याला लिहून कळवलं, 'दोन्ही एकच. मावा खाणारा उपकारक कीटक. लाखेस अपाय नाही.' यातलं तिसरं वाक्य लिहायला मला कोणी सांगितलं नव्हतं. हुशारी दाखवायची हौस, दुसरं काय.

माझ्या चिठ्ठीचा आधार घेऊन बाईला नोटीस दिल्याची नक्कल माझ्याकडे आली. लिफाफ्यावर लाखेची मोहर होती. मी तो लिफाफा घेऊन तडक त्या गावाला गेलो.

मैनाबाई अंगणात काड्या निवडत बसली होती. पन्नाशीची असेल, बारकी, काटक. मी नाव सांगितलं तशी तिनं हातातली काडी खाली ठेवली.

"तुम्हीच लिवलं न भाऊ, का माह्या लाखेले कोनी खात नाई?"

"हो बाई. मीच लिवलं."

"तुम्ही पायलं होतं त्याले, लाख सोडून दुसरं खातांना?"

"नाई."

"मंग काऊन लिवलं?"

नोकरीत साहेबांनी बरेच प्रश्न विचारले, परीक्षाही दिल्या. एवढा सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. तिनं एक काडी मोडून माझ्यापुढे धरली. लाखेच्या थरात भोक होतं आणि भोकाच्या तोंडाशी कचऱ्याचा एक कण चालत होता. मी नखानं कचरा बाजूला केला. खाली विळ्याच्या जबड्यांचं पिल्लू! पाठीवर लादलेला कचरा म्हणजे लाखेच्या किड्यांची सालपटं.

"हा मोठा झाला का हिरवा होते, आन् उडते," ती म्हणाली.

"पन वालावरचा बी हिरवाच असते, बाई. हाच तो नाई कशावरून?"

"तुमाले नाक नाई का?"

ती उठली, परसातल्या वालाच्या वेलीवरून एक क्रायसोपा पंखांनी अलगद धरून आणला आणि माझ्या नाकाशी नेला. असली घाण आली की मी मान मागे घेतली. मग ती पळसाकडे गेली. यायला वेळ लागला. तिकडचा आणून माझ्या नाकाशी धरला. काही नाही. पावसानं धुतलेल्या पानाला असेल तेवढासुद्धा वास नाही.

मी सहा वर्षं हेच किडे पकडत होतो, आणि त्यांना वास असतो हे मला ठाऊक नव्हतं. कारण साधं आहे. विषाची बाटली उघडताना नाक दुसरीकडे फिरवायचं, ही आमची पहिली शिकवण. जिवंत किडा जाळीतून थेट बाटलीत जायचा आणि माझं नाक त्या वेळी पाठीमागच्या झाडीकडे असायचं. आमच्या सगळ्या खात्याचं तसंच होतं. पेटीतल्या मेलेल्या किड्याला ना रंग, ना वास. अशा मेलेल्यांवरून आम्ही जिवंतांचे निकाल लावत होतो.

मी तिथेच शाळेच्या पडवीत मुक्काम ठोकला. कंदिलाच्या बारा काचेच्या चिमण्या मिळवल्या, तोंडाला मलमल बांधली. सहांत पळसावरची पिल्लं ठेवली, सहांत वालावरची. लाखेच्या काड्या दिल्या, मावा दिला, कोण काय खातं ते लिहीत राहिलो. पळसावरची पिल्लं लाखेवर टरारून वाढली. मावा पुढे केला तर तोंड लावून सोडून द्यायची. वालावरच्यांचं उलट. फक्त सात नंबरच्या चिमणीतलं पिल्लू, पळसावरून आणलेलं, लाखेवर सुकत चाललं होतं. त्याला चार मावा टाकले तेव्हा सावरलं. मी ते वहीत लिहिलं आणि यादीत त्याला 'लाखेचा' म्हणूनच ठेवलं. पळसावर सापडला होता ना!

मैनाबाई रोज संध्याकाळी येऊन चिमण्यांपुढे बसायची. एकदा म्हणाली, "माहे झाडं गेले तं मी कुठी जाऊ, थे बी लिवाना तुमच्या वहीत." मी म्हटलं, "वहीत नाई बाई, साहेबाच्या तोंडावर सांगतो." बोललो खरा. साहेब म्हणजे काय चीज आहे हे तिला माहीत नव्हतं, मला होतं.

आमचे साहेब पुण्याकडचे, कीटकशास्त्र शिकून आलेले, रागीट. रेंजरांच्या पत्रावरून ते चौकशीला आले आणि विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसले. शेजारी रेंजर. माझी चिठ्ठी टेबलावर.

"अक्षर तुमचंच ना?" साहेबांनी विचारलं.

"माझंच. आणि चुकीचं आहे."

"चुकीचं म्हणजे? हे रेकॉर्डवर गेलंय."

"म्हणून तर रेकॉर्डवरच सांगतोय, साहेब. ते दोन वेगळे किडे आहेत. मी एकच म्हणून लिहिलं. लाख बाईनं विकली नाही."

रेंजर हसले. "साहेब, ह्या लोकायचं असंच असते. माल कापून बजारात, आन् नाव किड्याचं. ह्या किडे-मास्तरले बी पटवलं वाटते बाईनं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कायम करण्याचे कागद माझ्याकडे सहीसाठी आलेत. ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"तरी म्हणता चुकीचं?"

"कागदावर सही झाली तरी किडा बदलणार नाही, साहेब."

हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही. घरी बायको, कुणाकुणाची देणी सांगत बसत नाही, पण कायम नोकरी कोणाला नको असते? तरी निघून गेलं आणि निघून गेल्यावर बरं वाटलं. मग एकदा बोललोच आहे तर अर्धवट कशाला, म्हणून पुढचंही सांगून टाकलं. बाई हे दोन किडे नुसत्या वासावरून वेगळे काढते, बघायचं असेल तर तिला बोलवा.

"नाकावर वर्गीकरण?" साहेब म्हणाले. पण त्यांना कुतूहल वाटलं, ते लपलं नाही. "बोलवा."

बारा चिमण्या आल्या. तोवर सगळे किडे पंख फुटून मोठे झालेले, बाराच्या बारा पोपटी. नंबर चिमणीच्या बुडाला, माझी यादी साहेबांच्या हातात. रेंजर म्हणाले, डोळे बांधा. मैनाबाई पायरीवर बसली, पदर स्वतःच डोळ्यांवरून घेतला.

"डोये झाकाले काय झालं? काम तं नाकालेच हाये."

मी एकेक किडा पंखांनी धरून तिच्यापुढे नेत होतो. ती वास घ्यायची आणि सांगायची, "पळसाचा." "वालाचा, दूर न्या." साहेब यादीवर खुणा करत होते. सहा बरोबर. सातवा धरला तशी तिनं तोंड फिरवलं. "वालाचा."

यादीत सात नंबर 'लाखेचा' होता. पुढचे पाचही बरोबर आले, पण रेंजरांनी मांडीवर थाप मारली ती मारलीच.

"एक चुकला, बाई," साहेब म्हणाले.

तिनं पदर काढला. "मी नाई चुकली. मले घाण आली म्हंजे आली. भाऊच्या कागदाले नाक हाये का?"

साहेबांनी खिशातून भिंग काढलं. आमचे साहेब तापट होते, पण भिंगाशी खोटेपणा करायचे नाहीत, हे त्यांच्या बाबतीत मी कुठेही सांगीन. त्यांनी आधी वालावरचे बघितले. डोळ्यांखाली गालावर काळा ठिपका, प्रत्येकाच्या. पळसावरच्यांचे गाल कोरे. मग सातवा घेतला. बराच वेळ बघत होते. रेंजरांनी दोनदा खोकून पाहिलं. शेवटी साहेबांनी भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बघा."

ठिपका होता. दोन्ही गालांवर, स्वच्छ.

पळसावर सापडला म्हणून मी त्याला चोर ठरवला होता. तो मावा खात होता हे माझ्याच वहीत लिहिलेलं, तरीही. रेंजरांनी बाईला जो कायदा लावला तोच मी त्या किड्याला लावला होता. एका बाईच्या बाबतीत मी दोनदा चुकलो, आणि दोन्ही वेळा पेन माझ्या हातात होतं. त्याची लाज मला आजही वाटते.

साहेबांनी तिथल्या तिथे अहवाल लिहिला. दोन भिन्न जाती, पैकी एक लाखेचा शत्रू, नाव अनिश्चित, सोबतची आधीची चिठ्ठी रद्द समजावी. रेंजरांना 'कीड लागून नुकसान' असं लिहावं लागलं. चौदा पळस मैनाबाईच्या नावावर राहिले आणि त्या हंगामात तिला नवं बियाणं मिळालं. उठताना तिनं रेंजरांना विचारलं, "आता चोर तुमच्या हातात हाये, तं त्याले बी नोटीस द्या न साहेब." रेंजरांनी टोपी घातली आणि जीपकडे चालू लागले.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण ते बारा किडे पेटीत जायचे होते आणि त्यांना लेबलं लागणार होती. आमच्याकडे रिवाज असा की पकडला कोणीही, लेबलावर नाव साहेबांचं. सहा वर्षं मी पकडलेल्या हजारो किड्यांवर माझं नाव नव्हतं, आणि मला त्याचं कधी काही वाटलं नाही. त्या दिवशी वाटलं. मी बारीक निबानं बारा लेबलं लिहिली. गाव, तारीख, झाड, आणि खाली 'मैनाबाई मडावी'.

पेटी बघून साहेबांनी बोलावलं. "हे काय?"

"ज्यानं ओळखलं त्याचं नाव, साहेब."

"खोडा."

"नाही खोडणार."

मेमो आला. 'लेबलावरील व्यक्तीची शैक्षणिक पात्रता काय, याचा लेखी खुलासा करावा.' मी पूर्ण पानाचा कागद घेतला, वर 'महोदय' लिहिलं, खाली सही केली आणि मध्ये एकच शब्द लिहिला: 'नाक.' कायम व्हायला मला पुढे आणखी तीन वर्षं लागली. सासरे वारले तेव्हा जावई तात्पुरताच होता. त्या शब्दाचा मला पश्चात्ताप नाही. पात्रतेच्या रकान्यात माझं काय लिहितात ते मात्र माझ्यानं नंतर कधी नीट वाचवलं नाही.

पुढे आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. कपाटं हलली, फाइली हलल्या, कोणती पेटी कोणत्या शहरात गेली याचा पत्ता कोणालाच नव्हता. लाख खाणाऱ्या त्या क्रायसोपाला कुठल्याशा मोठ्या माणसानं नाव दिलं असेलही. मला विचारायला कोणी आलं नाही. मैनाबाईकडे मी नंतर चार-पाच वेळा गेलो. लेबलाचं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माहं नाव किड्याच्या खाली काऊन लिवलं भाऊ? वर लिवाचं." शेवटच्या खेपेला गेलो तेव्हा ती नव्हती. झाडं सुनेच्या नावावर झाली होती आणि लाख जाड होती.

हे कोणाला पटत नसेल त्यानं ती पेटी शोधून काढावी. झाकण उघडावं, टाचणीखालचं लेबल वाचावं. खोडलेलं नाही. बारा किडे पिवळे पडले असतील, एकमेकांसारखेच दिसतील, आणि वास तर कशालाच येणार नाही. म्हणून लिहून ठेवतो आहे. सात नंबरचा निर्दोष होता.